घडीत गेलेली मान

बिबट्याच्या पानाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मला मनातल्या मनात फार बरं वाटलं होतं. कडावच्या पुढे शेतांच्या कडेला एक वाडी आहे, तिथल्या अंगणवाडीत आमची पुस्तकं कशी वापरतात ते बघायला गेलो होतो. फळीवर पुस्तकं ओळीनं उभी, आणि प्रत्येकाला एकाच जागी एक चिमटा. सेविका रंजनाताई म्हणाल्या, "काय करू काका, पोरं भितात. रातीचा बिबट्या पुस्तकातनं भायेर येल म्हनतात. चिमटा काढला का अर्धी पोरं भिंतीला जाऊन बसतात." मी चेहरा गंभीर ठेवला, पण आतून टम्म फुगलो होतो. उभ्या जन्मात मी ट्रकच्या मागे शेकड्यांनी वाघ रंगवले, त्यांना कधी कुत्रंही घाबरलं नव्हतं.

मी मूळचा चौकचा पेंटर. जुन्या हायवेवरचे ढाबे, गॅरेजं, रसवंत्या यांच्या पाट्या आणि ट्रकचे फाळके रंगवण्यात माझी निम्मी हयात गेली. पुढे फ्लेक्स आला आणि आम्हा ब्रशवाल्यांचा धंदा बघता बघता बसला. त्याच सुमारास मेधाताईंची गाडी पंक्चर काढायला आमच्या दिलीपच्या गॅरेजात थांबली. दिलीप माझा शाळेपासूनचा दोस्त. धंदा पंक्चरचा आणि नाद साप पकडून रानात सोडायचा. त्याच्या भिंतीवर मी एक वाघ काढून दिला होता. मेधाताईंची संस्था लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं काढते. त्यांनी विचारलं, "हा वाघ कुणी काढला?" दिलीप म्हणाला, "ह्यानंच, ह्या पेंटरनं. पन मॅडम, तो मांजर समोर बसवून काढलाय, जास्त मनावर घेऊ नका." ते खरंच होतं. तरी त्यांनी मला काम दिलं, आणि पन्नाशी जवळ आलेली असताना मी रानातली जनावरं पहिल्यापासून शिकायला बसलो.

लोकांना वाटतं, पोरांचं पुस्तक म्हणजे सोपं काम. मोठा हत्ती काढला, हिरवं गवत फासलं, झालं. मलाही तसंच वाटायचं. पण तीन वर्षांचं मूल चित्रावर जेवढा विश्वास ठेवतं तेवढा ते आईवरही ठेवत नाही. पानावर घूस आणि रानडुक्कर एकाच मापाचे काढले, तर त्याच्या लेखी ते एकाच मापाचे. म्हणून मी जनावराशेजारी ओळखीची वस्तू ठेवायला लागलो. घुशीजवळ तांब्या, रानडुकराजवळ सायकल. डोळ्यांचंही तसंच. बुबुळाभोवती पांढरं दाखवलं की कुठलंही जनावर माणसासारखं दिसायला लागतं, आणि माणसासारखं दिसलं की पोर त्याच्याशी बोलायला जातं. मेधाताईंशी माझं पहिलं कडाक्याचं भांडण याच्यावरून झालं. त्यांच्या वरच्या कुणा साहेबांना बिबट्या थोडा हसरा हवा होता. मी म्हटलं, "हसरा बिबट्या मी काढणार नाही. उद्या बांधावर खरा भेटला तर पोर हात पुढे करील." त्या माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. त्यानंतर मी पोरांना काय धोका आहे ते जाणणारा माणूस म्हणून मिरवू लागलो. पुढे जे झालं ते या मिरवण्याचंच फळ आहे, असं मला वाटतं.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. कर्जतजवळच्या एका फार्महाउसवाल्या साहेबांना मुलाच्या खोलीत जंगल हवं होतं. चारी भिंतींवर सिंह, जिराफ, पेंग्विन, सगळे एकाच तळ्यावर पाणी पिताना. मी म्हटलं, "साहेब, खिडकीबाहेर रान आहे, सकाळी मोर येतात. तेच काढू की." ते म्हणाले, "ते रोजचंच आहे हो." मी निमूट काढून दिलं. आठवड्यानं बाईसाहेबांचा फोन. मुलगा त्या खोलीत झोपेना. जिकडे कूस वळवावी तिकडून कुणी तरी बघतंय म्हणे. मग मी परत गेलो आणि शिडीवर चढून एकेका जनावराच्या डोळ्यावर पापण्या रंगवल्या. सगळं रान झोपवलं. पेंग्विन तेवढा जागा ठेवला, त्याला कोण भिणार. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं हसत हसत सांगत आलो. आता तितकंसं हसू येत नाही. त्या मुलाला भीती वाटली ते ठीकच होतं. चित्राची भीती वाटली तर पोर रडेल, झोपणार नाही, आईला हाक मारील. चित्र बघून भीती गेली, तर काय होईल याचा मी कधी विचार केला नव्हता.

आता खरं सांगतो. मला सापाची भयंकर भीती वाटते. बरणीत बंद असला तरी हातपाय गार पडतात. मी आठ वर्षांचा असताना आमची चुलतबहीण मालूआक्का एका सकाळी पोटात दुखतंय म्हणत उठली. काकूनं ओवा दिला. थोड्या वेळानं तिच्या पापण्या खाली यायला लागल्या. सगळ्यांना वाटलं, ओव्यानं बरं वाटलं असेल, झोप येतेय. मी तिच्या शेजारी बसलो होतो आणि तिच्या पापण्या बोटानं वर करून तिला हसवत होतो. ती हसत नव्हती. दुपारी ती गेली. तिची गोधडी उचलली तेव्हा खाली मण्यार होती. हा साप जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, चावा कळतही नाही, आणि सकाळी पोट दुखायला लागतं, हे मला दिलीपनं फार पुढे सांगितलं.

भाताच्या शेतातल्या जनावरांचं पुस्तक करायचं ठरलं तेव्हा मण्यारीचं पान मीच मागून घेतलं. आमच्या भागात तिच्यासारखाच दिसणारा एक गरीब साप आहे, कवड्या. घरात शिरून पाली खातो. लोक त्याला मण्यार समजून ठेचतात आणि मण्यारीला कवड्या समजून काठीनं ढोसतात. दिलीप या दोन्हींनी वैतागलेला. ओळखायची खूण साधी आहे. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात. मण्यारीची मान कोरी, काळी असते, पांढऱ्या कड्या थोड्या खाली गेल्यावर सुरू होतात. दिलीपनं बरणीतून दोन्ही आणून दाखवले. मी दोन हात लांब बसून, घामेजल्या बोटांनी ते काढले. मेधाताईंनी खाली गाणं लिहिलं:

गळ्यापासून कड्या, तो आपला कवड्या.
कोरी काळी मान, सावधान, सावधान!

मण्यार मी दोन पानांवर आडवी काढली होती. डोकं डाव्या पानावर, कोरी मान बरोबर मधल्या घडीवरून जाणारी, आणि कड्या उजव्या पानावर. लांबी दिसावी म्हणून. आमच्या धंद्यातला पहिला नियम असा की घडीत महत्त्वाचं काही ठेवायचं नाही. पण ते पुस्तक पातळ होतं, दोन पिना मारलेलं, आणि हे पान अगदी मधलं. ते तळहातासारखं सपाट उघडायचं. तेव्हा त्या पुस्तकात काहीच चूक नव्हती.

काही वर्षांनी संस्थेनं अशी पाच पातळ पुस्तकं एकत्र करून एक जाड, डिंकानं चिकटवलेलं, मजबूत पुस्तक काढायचं ठरवलं. चित्रं तीच. छापण्याआधी चित्रकाराकडे प्रूफ येतं, म्हणजे पानांचे नमुने. ते सुटे असतात, सपाट असतात. मी दरवेळी त्यांची घडी घालून, खळ लावून डमी बनवायचो आणि पोरं उघडतात तशी एका हातानं उघडून बघायचो. यावेळी ऐन आषाढात प्रूफ आलं. माझ्याकडे गणपतीच्या मखरांची कामं होती, हात थर्माकोल आणि सोनेरी रंगानं भरलेले. कट्ट्यावर पानं पसरली, मण्यार झकास दिसत होती, मान कोरी, काळी. मी सही केली. डमी केली नाही. आळस केला, दुसरं काही कारण नाही.

पुस्तकं छापून अंगणवाड्यांत वाटली गेली. माझ्या प्रती आल्या त्या मी कौतुकानं कपाटात ठेवल्या आणि एक दिलीपला दिली. अनंत चतुर्दशी होऊन चारेक दिवस झाले असतील. सकाळी गॅरेजात चहा घेत होतो, तर दिलीप काळ्या बोटांनी पुस्तक चाळता चाळता थांबला.

"पेंटर, ही मण्यार ना रं?"

"खाली लिहिलंय की."

"मला वाचता येतं. बालवाडीतल्या पोरांना येतं का? हिची मान कुठं गेली?"

मी पुस्तक हातात घेतलं. डावीकडे डोकं होतं. उजवीकडे लगेच कड्या होत्या. मध्ये काहीच नव्हतं. डिंकानं दोन्ही बाजूंनी बोट-बोट पान गिळलं होतं आणि मालूआक्कासाठी काढलेली ती कोरी मान त्यात गेली होती. मी पुस्तक दाबून उघडलं, तर मानेचा एक काळा केस तेवढा दिसला. मागच्या पानावर कवड्या होता, तोही गळ्यापासून कड्यांचा. आता दोघांत फरक होता तो फक्त खालच्या नावाचा. आणि गाणं होतं तसंच छापलेलं होतं.

मी खिशातला फोन काढला. मेधाताईंचा फोन लागेना. सेविकांपैकी नंबर होता तो एकट्या रंजनाताईंचा. तो लावला.

"काका, शंभर वर्षं आविष्य तुमाला," त्या म्हणाल्या. "पुस्तक जाम चाललंय. पोरांना सापाचं गानं पाठ झालंय. आमची जान्हवी तर काल सांगत व्हती, बाई, आमच्या लाकडांत कवड्या ऱ्हातो. मी म्हनलं, असू दे गं, तो आपला, पाली खातो."

"तिला फोन द्या जरा."

"आज आली नाय ती. आजीचा निरोप आलाय, सकाळपासनं पोटात दुखतंय म्हनून."

फोन स्पीकरवर होता. दिलीपच्या हातातला पाना तसाच राहिला. मग त्यानं तो टाकला आणि फोन ओढून घेतला. "ताई, मी दिलीप, साप पकडनारा. आत्ताच्या आत्ता तिच्या घरी जा. पोरीच्या पापन्या खाली येतात का बगा. येत असल्या तर मिळंल त्या गाडीनं दवाखाना गाठा, आमची वाट बगू नका. आन् लाकडांत कुनाला हात घालू देऊ नका."

"अवो पन मदतनीस रजेवर हाय, बारा पोरं कुनावर टाकून मी कशी..." एवढं ऐकू आलं आणि फोन तुटला. परत लागला नाही. त्या वाडीवर रेंज असली तर असते. दिलीपनं कडावच्या एका ओळखीच्या टेंपोवाल्याला फोन करून गाडी वाडीच्या फाट्यावर उभी करायला सांगितलं, सळई आणि बरणी घेतली आणि मोटारसायकलला किक मारली. "बस मागं," एवढंच म्हणाला.

चौक ते कर्जत आणि तिथून कडाव हा रस्ता मी शिडी खांद्यावर घेऊन हजार वेळा केलेला. त्या दिवशी तो संपेना. दोन्ही बाजूंना भात पोटऱ्यात आलेलं, वर लख्ख ऊन, आणि मला सगळीकडे मालूआक्काच्या पापण्या दिसत होत्या. वाटेत माझ्या जुन्या पाट्या लागत होत्या, उन्हानं विटलेल्या. एका गॅरेजच्या पाटीवर मीच कधी तरी लिहिलं होतं, "काम एक नंबर". मी तोंड फिरवलं. मनात एकच हिशेब चालला होता: निरोप सकाळी आला, म्हणजे दुखायला लागलं पहाटे, म्हणजे चावली असेल ती रात्री, म्हणजे आता उरले किती तास. पाच वर्षांच्या पोरीच्या अंगात जोर तो किती असणार. मी बोललो मनाशी, पोरगी जगू दे, मी पुन्हा हातात ब्रश धरणार नाही. देवाचं नाव घेतलं की नाही ते आठवत नाही.

फाट्यावर टेंपो उभा होता. त्याचा ड्रायव्हर म्हणाला, "अजून कोन आलं नाय." याचा अर्थ चांगला की वाईट, ते मला कळेना.

जान्हवीचं घर वाडीच्या टोकाला, शेताला लागून. अंगणाच्या कडेनं अंगणवाडीची बाराच्या बारा पोरं एकमेकांचा हात धरून उभी होती. रंजनाताई सगळा वर्गच घेऊन आल्या होत्या. पडवीत भिंतीला लागून लाकडांची उडव रचलेली, आणि तिच्यासमोर, सुरक्षित अंतरावर, उंबऱ्यात एक पोरगी ताठ बसली होती. मांडीवर खराट्याचा दांडा आडवा. पुढ्यात जमिनीवर पुस्तकाची सुटी पानं. मी आधी तिचे डोळे बघितले. टक्क उघडे होते. मी अंगणातच खाली बसलो.

"बगा ना काका," रंजनाताई म्हणाल्या, "हिला काय पन झालेलं नाय."

आजी कमरेवर हात देऊन उभी होती. "पोटात दुखतंय म्हनली म्हनून घरी ठेवली, तर सकाळधरनं हितं ठान मांडलंय. मला लाकूड घेऊ देत नाय. चुलीवर पानी नाय, माझी अंगोळ ऱ्हायली. हात पुढं केला का दांडा आडवा घालते. मी म्हनते, अगं बाईंनी सांगितलंय ना, कवड्या हाय, काय करत नाय. तर आयकत नाय."

मी तिथे बसल्या बसल्याच विचारलं, "जान्हवी, पोट दुखतंय का गं?"

तिनं आजीकडे बघितलं. मग मान हलवली. "नाय."

"मग शाळेत का नाही गेलीस?"

"मी गेली असती तर आजीनं हात घातला असता."

"पण तो कवड्या आहे ना?"

"नाय." तिनं दोन सुटी पानं जमिनीवर एकमेकांना भिडवली आणि मधल्या काळ्या भागावर बोट ठेवलं. "ही बगा. हिची मान आत चिकटवलेली व्हती. काल सांजेला त्यानं लाकडातनं डोकं काढलं व्हतं. त्याची मान पन अशीच. काळी."

पानं सुटी कशी झाली, हे मी विचारलं तेव्हा मात्र ती एकदम घाबरली. साप दारात असताना न घाबरलेली पोरगी माझ्या प्रश्नाला घाबरली. "आपोआप," ती म्हणाली. रंजनाताईंनी सांगितलं ते असं: काल वर्गात पुस्तक तिच्या हातात उकललं. त्यांनी तिला चांगलं झापलं, पुस्तकाची सगळी पानं पिशवीत भरून दिली आणि बजावलं, बापाकडून चिकटवून आण, तोवर नवं मिळणार नाही. बाप खोपोलीला कंपनीत, त्याची दुसरी पाळी होती. तो संध्याकाळी घरी असता, तर त्यानं आज्ञाधारकपणे मान परत आत चिकटवून दिली असती. मी आजवर शेकडो मुलांना सांगितलं असेल, पुस्तकं फाडायची नाहीत. त्यातल्या कुणी ऐकलं असेल, याची मला त्या अंगणात भीती वाटली.

दिलीपनं सगळ्यांना मागे सारलं आणि लांब सळईनं एकेक लाकूड बाजूला करायला सुरुवात केली. वरची रास गेली, मधली गेली. अगदी तळाशी, आजी ज्या अंगाला हात घालायची त्याच अंगाला, ती होती. वेटोळं करून, डोकं वेटोळ्याखाली घालून, दिवसाची झोपलेली. दिलीपनं तिला सळईवर अलगद उचललं. काळीभोर, तेल लावल्यासारखी, दीड हाताहून लांब. मान कोरी होती. मी काढली होती तशीच, हुबेहूब. चित्रकाराला याहून मोठी दाद मिळत नाही, आणि मी दोन पावलं मागे सरकलो होतो.

तेवढ्यात अंगणाच्या कडेनं आवाज आला. पोरांनी साप बघितला होता. ओळीतल्या एकानं सुरू केलं आणि मग बाराही पोरं हात हलवत, हसत, तालात गायला लागली:

"गळ्यापासून कड्या, तो आपला कवड्या!"

कुणी भिंतीला जाऊन बसलं नाही. कुणी रडलं नाही. पुढच्या दोघांनी तर नीट दिसावं म्हणून एक पाऊल पुढे टाकलं. रंजनाताई ओरडल्या, "गप बसा रं! मागं व्हा!" आणि त्यांचा आवाज फाटला. पोरं गोंधळून गप झाली. बाईंनी शिकवलेलं गाणं म्हटल्यावर बाई का ओरडल्या, हे त्यांना कळलं नाही. मण्यार बरणीत गेली, झाकण लागलं, तरी ते गाणं माझ्या कानातून जाईना. अजूनही पहाटे जाग आली की ते ऐकू येतं.

दुपारी मेधाताईंचा फोन लागला. मी सगळं सांगितलं. त्यांनी आपली प्रत उघडून बघितली. मग म्हणाल्या, "प्रूफवर सही तुमची आहे."

"माझीच आहे," मी म्हटलं.

"गाणं माझं आहे. उद्या सकाळी निघू."

मग आम्ही दोघं कर्जत आणि खालापूरच्या अंगणवाड्या पालथ्या घालत फिरलो. काही ठिकाणी पुस्तकं कपाटात, प्लास्टिकसकट बंद होती. "पोरं खराब करतात म्हनून काढली नाय," सेविका ओशाळून सांगायच्या. एरवी मी अशांना चार शब्द सुनावले असते. आता त्यांचे हात धरावेसे वाटायचे. काही ठिकाणी पुस्तकं हाताळून हाताळून खिळखिळी झालेली, तिथे घडीतून थोडी मान दिसायची. सगळ्यात वाईट ती, जी जपून वापरलेली होती. पोरं रोज बघत होती आणि पुस्तक जसंच्या तसं होतं. आम्ही सगळी परत घेतली, गाणं विसरायला सांगितलं. पण पाठ झालेलं गाणं परत घेता येत नाही. आणि काही प्रती मिळाल्याच नाहीत. एक कुणी भाचरासाठी नेली होती, एका घरानं गाव सोडलं होतं, एकीचं कुणालाच काही आठवेना. भाद्रपद आला की मी पेपर शेवटच्या पानापासून उघडतो. आतल्या पानावर सर्पदंशाची दोन ओळींची बातमी असली, की आधी गावाचं नाव बघतो, मग वय. वय मोठं असलं की सुटकेचा श्वास टाकतो, आणि लगेच स्वतःची लाज वाटते.

ब्रश न धरायचा नवस मी तीन महिने पाळला. मग मेधाताई चौकला आल्या. "सुधारलेलं पुस्तक काढायचंय. तुम्ही नाही तर दुसऱ्याकडून घेऊ," म्हणाल्या. तो दुसरा चित्रकार मण्यार कुठून बघणार, फोनमध्ये. मी नवस मोडला. या वेळी मण्यार एका पानावर आहे, अख्खी. गाण्यातला कवड्या काढून टाकला. आता फक्त "साप दिसला, मागे सर, मोठ्या माणसाला हाक मार" एवढंच आहे. डमी मी तीनदा केली. डाव्या हातानं उघडली, ओल्या हातानं उघडली, दिलीपला ग्रीसच्या हातांनी उघडायला लावली.

पहिली प्रत घेऊन मी स्वतः वाडीवर गेलो. जान्हवी तोवर पहिलीत गेली होती. तिनं पुस्तक घेतलं, पण चित्रं बघितली नाहीत. मण्यारीचं पान काढलं, पुस्तक जमिनीवर उताणं, नीट ठेवलं, दोन्ही अंगठे मधल्या घडीवर रोवले आणि सगळा भार टाकून दाबलं. बाइंडिंग कट्कन वाजलं.

"अगं ए, नवंकोरं पुस्तक!" आजी धावली. "काका काय म्हनतील?"

"आत काय लपलंय का बगते," जान्हवी म्हणाली.

मी खाली बसलो, पलीकडची बाजू दोन्ही हातांनी धरली आणि तिला म्हटलं, "अजून जोरात दाब."